धुराच्या वाटेवरचा साक्षीदार

चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीला ज्वलनाचे शास्त्र कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. लाकडे धुमसू लागली आणि स्वयंपाकघर धुराने भरले, की तिचा हात आपोआप फुंकणीकडे जातो. भांड्याचे बूड काजळले, की जाळाला वारा पुरत नाही हे ती ओळखते. जाळ नुसताच भडभडून वाया जाऊ लागला, की एखादे लाकूड मागे ओढते. जळण किती आणि वारा किती, याचा हिशेब तिचे डोळे आणि तिचे नाक घडोघडी करीत असतात. अग्नीचे सारे व्यवहार अखेर या एका हिशेबावर चालतात, मग तो अग्नी चुलीतला असो, कुंभाराच्या भट्टीतला असो, की मोटारीच्या इंजिनातला असो.

मोटारीची अडचण अशी, की तिचा अग्नी कुणाला दिसत नाही. तो लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड भिंतींआड, बंद नळकांड्यात पेटतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत विझतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला शंभर वेळा ठिणगी पडते आणि शंभर वेळा जाळ होतो. या जाळावर लक्ष ठेवणार कोण? आत डोकावणे शक्य नाही. तेव्हा बाहेर पडणाऱ्या धुरावरूनच आतल्या अग्नीची पारख करावी लागते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशातलाच हा प्रकार होय. ही परीक्षा करण्यासाठी धुराच्या नळीत करंगळीएवढे एक साधन बसवलेले असते. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. गॅरेजात कुणी त्याला ‘ओ-टू सेन्सर’ म्हणतो, तर कुणी नुसते ‘लॅम्ब्डा’. मोटार चालवणाऱ्या बहुतेकांना त्याचे नाव कळते ते डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागल्यानंतर, आणि तेही हातात खर्चाचा अंदाज पडताना. ओळख होण्याची ही वेळ काही बरी नव्हे.

पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. ते पूर्णपणे जळाले, तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी. यासाठी लागणारा प्राणवायू हवेतून घ्यावा लागतो, आणि हवेत तो आकारमानाने केवळ २१ टक्के असतो. हिशेब मांडला, तर एक किलोग्रॅम पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. व्यवहारातल्या मापाने सांगावयाचे, तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिन आत ओढते. पेट्रोलच्या टाकीकडे माणसाचे लक्ष असते, कारण तिचे पैसे मोजावे लागतात. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा विसर पडतो.

प्रत्यक्षात मिळालेली हवा आणि आवश्यक असलेली हवा यांच्या गुणोत्तराला अभियंत्यांनी ‘लॅम्ब्डा’ या ग्रीक अक्षराचे नाव दिले आहे. हवा नेमकी हवी तितकी असली, की लॅम्ब्डा एक. हवा कमी पडली, की तो एकाच्या खाली उतरतो. अशा मिश्रणाला दाट म्हणावे. हवा उरली, की तो एकाच्या वर जातो. ते मिश्रण विरळ. दाट मिश्रणात कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला, परंतु घातक वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. म्हणूनच बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते. मिश्रण थोडेसे विरळ झाले, तर त्या उष्णतेत हवेतला नायट्रोजनच प्राणवायूशी संयोग पावून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. ते फार विरळ झाले, तर ठिणगी पडूनही जाळ पकडत नाही आणि कच्चे पेट्रोल तसेच बाहेर जाते.

कार्ब्युरेटरच्या काळात या हिशेबाची जबाबदारी पितळी जेटच्या बारीक छिद्रावर आणि मेकॅनिकच्या अनुभवावर होती. अँबॅसडर असो, की मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या रंगात वर्षानुवर्षे धावलेली प्रीमियर पद्मिनी असो, जाणता मेकॅनिक स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाही. टोक काळे आणि काजळलेले दिसले, तर मिश्रण दाट. पांढुरके दिसले, तर विरळ. आणि फिक्या विटकरी रंगाचे असले, म्हणजे ठीक. मग तो स्क्रू अर्धा फेरा फिरवी आणि कान देऊन इंजिनाचा आवाज ऐके. ही विद्या खरी होती. परंतु ती गाडी उभी असतानाच उपयोगी पडे. तीच गाडी पुढे महाबळेश्वरचा घाट चढू लागली, की हवा विरळ होई, जेट मात्र मैदानातल्या मापानेच पेट्रोल सोडी, आणि इंजिन काळा धूर ओकू लागे. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणी तर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोनतृतीयांशच असतो. तेथे पुण्यामुंबईचा स्क्रू काय कामाचा?

तरीही जग पुष्कळ वर्षे या व्यवस्थेवर समाधानी राहिले. ते समाधान प्रथम ढळले अमेरिकेतील लॉस एंजेलिस या शहरात. तेथे सनी आकाशाखाली डोळे चुरचुरणारे, पिवळसर तपकिरी धुके पसरू लागले होते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मोटारींच्या आणि तेलकारखान्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके जन्माला येते आणि त्यात ओझोन असतो. म्हणजे गुन्हेगार दूरचा कुणी नव्हता. तो प्रत्येकाच्या दारात उभा होता. १९७० साली अमेरिकेत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला आणि मोटार बनवणाऱ्यांना धूर शुद्ध करण्याचे उपाय शोधणे भाग पडले.

त्यातून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुढे आला. सच्छिद्र मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची चौकट, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिसूक्ष्म लेप, आणि त्या छिद्रांतून वाहणारा धूर, अशी त्याची रचना. त्यातील पुढच्या पिढीचा ‘त्रिमार्गी’ कन्व्हर्टर तीन कामे एकाच वेळी करतो. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले पेट्रोल यांना तो प्राणवायू देतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून प्राणवायू काढून घेतो. देणे आणि घेणे ही दोन परस्परविरुद्ध कामे एकाच घरात चालवावयाची, तर जमाखर्च अगदी तंतोतंत जुळावा लागतो. लॅम्ब्डा एकाच्या आसपास, अवघ्या एखाद्या टक्क्याच्या मर्यादेत राहिला, तरच तिन्ही विषांचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो. मिश्रण जरा दाट झाले, की कार्बन मोनॉक्साइड सुटतो. जरा विरळ झाले, की नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात. इतकी अचूकता कुठल्याही जेटला किंवा स्क्रूला साधणारी नव्हती. क्षणोक्षणी धुराची चव घेऊन वर्दी देणारा कुणीतरी हवा होता.

त्या साधनामागचे तत्त्व मात्र जुनेच होते. वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये विद्युतघटातील दाब आणि त्यातील द्रव्यांचे प्रमाण यांचा संबंध सांगणारे सूत्र मांडले होते. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस त्याला आढळले, की झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये यिट्रियम ऑक्साइडसारखे द्रव्य मिसळून तयार केलेली चिनीमाती थंड असताना विजेला अडवते, परंतु चांगली तापली म्हणजे वाहून नेते. त्याने तिचा उपयोग दिवा बनवण्याकडे केला. नेर्न्स्टला १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा दिवा मात्र टंगस्टनच्या तारेपुढे मागे पडला. त्या दिव्यातील चिनीमाती पुढे मोटारीच्या धुरात नवा जन्म घेईल, हे त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही नसेल.

सेन्सरच्या पोटात याच चिनीमातीची एक पोकळ टोपी असते. आकाराने शिंप्याच्या अंगुस्तानासारखी. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप असतो. बाहेरच्या अंगाला धूर लागतो, आतल्या अंगाला मोकळी हवा. टोपी सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापली, की तिच्यातून प्राणवायूचे विद्युतभारित कण सरकू शकतात. इतर काहीही सरकू शकत नाही. दोन टाक्या नळीने जोडल्या, की पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे धावू पाहते. त्याचप्रमाणे प्राणवायू भरपूर असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे हे कण ओढ घेतात आणि दोन्ही अंगांमध्ये विजेचा दाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू उरलेला असेल, तर हा दाब ०.१ ते ०.२ व्होल्ट एवढाच असतो. प्राणवायू संपलेला असेल, तर तो ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढतो. मधली सीमारेषा सुमारे ०.४५ व्होल्टची.

या सीमारेषेवरचा बदल हळूहळू होत नाही. पायरी चढावी तसा एकदम होतो. मिश्रण दाट असताना धुरात जो चिमूटभर प्राणवायू चुकूनमाकून उरतो, तोही प्लॅटिनमच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडशी जळून जातो. त्यामुळे टोपीच्या पृष्ठभागावरील प्राणवायूचे प्रमाण अब्जावधी पटींनी घसरते आणि विजेचा दाब उसळी घेतो. अर्थात असा सेन्सर एवढेच सांगू शकतो, की मिश्रण दाट आहे की विरळ. किती दाट, हे त्याला नीट सांगता येत नाही. जेवणाऱ्याने ‘मीठ जास्त’ किंवा ‘मीठ कमी’ एवढेच म्हणावे, तसे हे आहे. परंतु जेवणारा दर घासाला बोलत असेल, तर स्वयंपाक करणाऱ्याला तेवढे पुरते.

मोटारीतला स्वयंपाकी म्हणजे इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात ‘ईसीएम’ म्हणतात. सेन्सरने ‘विरळ’ म्हटले, की तो इंजेक्टर किंचित अधिक वेळ उघडा ठेवतो आणि पेट्रोल वाढवतो. ते वाढले, की सेन्सर ‘दाट’ म्हणतो. मग संगणक हात आखडता घेतो. हा झोका सेकंदाला एखाद-दुसऱ्या वेळेच्या गतीने अखंड चालू राहतो आणि सरासरीने मिश्रण एकाच्या रेषेवर ठरते. बॉश या जर्मन कंपनीने तयार केलेला असा सेन्सर १९७६ साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीच्या, अमेरिकेत विकावयाच्या मोटारींत प्रथम बसला. प्रारंभीच्या सेन्सरांना तापण्यासाठी धुराच्याच उष्णतेवर अवलंबून राहावे लागे, त्यामुळे गाडी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे ते मुके राहत. १९८२ मध्ये आत विजेची तापनसळई घातलेले सेन्सर आले आणि हा मुकेपणा अर्ध्याएक मिनिटावर आला. पुढे १९९० नंतरच्या दशकात ‘किती दाट, किती विरळ’ हेही मोजून सांगणारे, वाइडबँड नावाचे सेन्सर निघाले. आज अनेक नव्या मोटारींत इंजिनालगतचा सेन्सर याच जातीचा असतो.

भारतात ही व्यवस्था येण्यापूर्वी एक अडथळा दूर व्हावा लागला. पेट्रोलमध्ये त्या काळी शिसे मिसळत, आणि शिसे हे कन्व्हर्टरचे व सेन्सरचे सारखेच वैरी. प्लॅटिनमवर त्याचा थर बसला, की ते निकामी होते. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या मेंदूला तर ते अधिकच घातक. हवेच्या प्रदूषणासंबंधी सर्वोच्च न्यायालयात १९८५ पासून चाललेल्या खटल्यांनी या प्रश्नाला गती दिली. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक ठरला. फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले. त्यानंतर भारत स्टेज मानके टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. पुण्याच्या टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत वाहनांची या मानकांनुसार परीक्षा होते. १ एप्रिल २०२० रोजी सहावे मानक देशभर लागू झाले, आणि तेव्हापासून पेट्रोलच्या बहुतेक नव्या मोटारसायकली व स्कूटर यांच्या धुराच्या नळीतही हा सेन्सर येऊन बसला. म्हणजे एके काळी मूठभर मोटारमालकांपुरता असलेला विषय आता कचेरीला स्कूटरने जाणाऱ्या माणसाचाही झाला आहे.

इंधन बदलले, तरी या साधनाचे महत्त्व कमी झालेले नाही. उलट वाढले आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात विकले जाऊ लागले. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, म्हणून शुद्ध इथेनॉलला किलोग्रॅममागे केवळ सुमारे नऊ किलोग्रॅम हवा पुरते. साहजिकच या मिश्र इंधनाला साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा आणि अधिक इंधन लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला हे कळण्याचा मार्ग नाही. तिचे मिश्रण आपोआप विरळ होते. सेन्सर असलेली गाडी धुरावरून ते ताडते आणि इंजेक्टरचा वेळ वाढवून घेते. रबराच्या नळ्या आणि इतर भाग नव्या इंधनाला टिकतील की नाही, हा प्रश्न वेगळा; तो सेन्सरच्या हातचा नव्हे. मिश्रणाचे प्रमाण मात्र तोच राखतो. घाट चढताना हवा विरळ झाली, तरीही तोच आधार देतो.

बहुतेक मोटारींत असे दोन सेन्सर असतात. एक कन्व्हर्टरच्या आधी आणि दुसरा नंतर. पहिल्याचे काम मिश्रण राखण्याचे, दुसऱ्याचे मुख्य काम कन्व्हर्टरवर पहारा ठेवण्याचे. कन्व्हर्टरच्या लेपात सेरियम ऑक्साइड असते. ते कोठारासारखे प्राणवायू साठवते आणि लागेल तेव्हा सोडते. त्यामुळे कन्व्हर्टर निरोगी असेल, तर पुढच्या सेन्सरला जाणवणारे झोके मागच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मागच्याचा संदेश शांत राहतो. मागचा सेन्सरही पुढच्याच्या तालावर डुलू लागला, की कोठार रिकामे झाले असे समजावे. संगणक मग पी ०४२० या क्रमांकाची नोंद करतो आणि दिवा लावतो.

आता सेन्सर बिघडतो कसा, हे पाहणे ओघाने येते. तो विटतो, गुदमरतो किंवा त्याची तापनसळई तुटते. इंजिन ऑइल जाळत असेल, तर त्यातील फॉस्फरस आणि जस्त यांची राख टोकावर साचते. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळू लागला, तर त्यातील द्रव्ये पांढुरका थर देतात. गॅस्केटच्या जागी सढळ हाताने फासलेल्या साध्या सिलिकॉनच्या वाफाही असाच पांढरा थर चढवतात. म्हणून सेन्सरला चालणारे सिलिकॉनच वापरावयास हवे. मिश्रण फार दिवस दाट राहिले, तर काजळी बसते. काजळीचा दोष मूळ कारण दूर होऊन नळी चांगली तापली, की बहुधा जळून जातो. बाकीचे थर जात नाहीत. पेट्रोलमध्ये बुडवून, सॅंडपेपरने घासून किंवा तारेच्या ब्रशने खरवडून सेन्सर ‘साफ’ करण्याची रीत काही ठिकाणी आढळते. तिने प्लॅटिनमचा लेपच खरवडला जातो. या साधनाची देखभाल म्हणजे त्याला हात लावणे नव्हे. त्याच्यापर्यंत घाण येऊ न देणे, ही त्याची खरी देखभाल होय. वेळेवर बदललेले ऑइल, स्वच्छ एअर फिल्टर, चांगले स्पार्क प्लग आणि न गळणारे कूलंट यांतच ती सामावली आहे.

थकलेला सेन्सर सहसा एकाएकी मरत नाही. तो मंद होतो. पेट्रोल अधिक लागू लागते, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, धुराला उग्र वास येतो. तापनसळई नसलेले जुन्या जातीचे सेन्सर साधारणपणे ५० ते ८० हजार किलोमीटर टिकत. तापनसळईचे लाखाच्या आसपास आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक टिकतात. अखेरचा शब्द मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तिकेचा.

तथापि या विषयात सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. दिवा लागतो, यंत्र जोडले जाते, पडद्यावर पी ०१७१ असा क्रमांक उमटतो, म्हणजे ‘मिश्रण विरळ’. आणि लगेच सेन्सर बदलला जातो. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा न्याय. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट एकच: सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो प्राणवायू मोजतो. धुरात प्राणवायू जास्त दिसण्याची कारणे पुष्कळ असू शकतात. इंटेकची रबरी नळी चिरून मोजणीत न आलेली हवा आत शिरत असेल. फ्यूएल पंप थकला असेल किंवा इंजेक्टर तुंबला असेल. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीला भेग पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल. एखादा प्लग ठिणगीच देत नसेल, तर त्या सिलिंडरातला सगळा प्राणवायू न वापरता तसाच बाहेर येतो. सेन्सर प्रामाणिकपणे ‘विरळ’ म्हणतो आणि संगणक पेट्रोल वाढवीत सुटतो, म्हणून गाडी विरळपणाची तक्रार करता करता पेट्रोलचा वास मारू लागते. या सर्व प्रसंगी सेन्सर खरे बोलत असतो. खरे बोलणाऱ्या साक्षीदाराला शिक्षा केल्याने गुन्हा मिटत नाही.

म्हणून क्रम असा असावा. पी ०१३५ सारखा क्रमांक तापनसळईच्या मंडलाविषयी असतो. तेथे प्रथम फ्यूज, मग वायर आणि जोड तपासावा, आणि ते ठीक असतील तरच सेन्सरवर संशय घ्यावा. मिश्रणाविषयीचा क्रमांक असेल, तर स्कॅनरवर ‘फ्यूएल ट्रिम’ पाहावी. संगणक नेहमीच्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो आहे, हे ती सांगते. साधारण दहा टक्क्यांच्या आतला फरक सहसा चिंतेचा नसतो. तो फार वाढला असेल आणि उभ्या गाडीत जास्त, वेगात कमी दिसत असेल, तर हवेची गळती शोधावी. वेगाबरोबर वाढत असेल, तर इंधनाचा पुरवठा. जुन्या जातीच्या सेन्सरचा दाब तापल्या इंजिनात ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान चपळपणे वरखाली होत असेल, तर तो जिवंत आहे. मधेच एका जागी खिळला असेल किंवा सुस्तावला असेल, तर त्याची सेवा संपली. वाइडबँड सेन्सरला ही कसोटी लावू नये; त्याची भाषा निराळी असते. ही सर्व तपासणी मोकळ्या जागेत करावी, हे वेगळे सांगावयास नको.

बदलण्याची वेळ खरोखरच आली, तर काही पथ्ये आहेत. नळी कोमट असताना आटे सहज सुटतात. परंतु ती लालबुंद तापलेली असताना हात घालू नये. वायर बाहेर राहील असा फटीचा, बहुधा २२ मिलिमीटरचा पाना वापरावा. नव्या सेन्सरच्या टोकाला बोट, ग्रीस किंवा ऑइल लागू देऊ नये. आट्यांना लावावयाचा लेप आट्यांपुरताच लावावा. हातातून दगडावर पडलेला सेन्सर बाहेरून धड दिसला, तरी आतली चिनीमाती तडकलेली असू शकते. जोडात ग्रीस भरू नये, कारण अनेक सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी मोकळी हवा वायरच्या वेष्टनातूनच आत जाते. आणि क्रमांक जुळणाराच सेन्सर घ्यावा. आटे जुळले म्हणजे काम जुळले असे नव्हे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दिव्याचा बल्बच काढून टाकावा, किंवा मागच्या सेन्सरला खोटा संदेश देणारी जोडणी करून रिकाम्या कन्व्हर्टरवर पांघरूण घालावे, असे सुचवणारे सल्लागार सगळीकडे भेटतात. त्या क्षणी खिशाला तो सल्ला गोड वाटतो. परंतु दाट मिश्रणावर चालणारी गाडी पेट्रोल तर खातेच, शिवाय न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची चौकट वितळवू शकते. मग सेन्सरच्या कितीतरी पट किंमत मोजावी लागते. गाडी विरळ चालत असेल, तर नुकसान आणखी गुप्त. पीयूसी केंद्रावर पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. प्रमाणपत्र हाती पडते, आणि जे विष त्यावर लिहिलेले नाही ते रस्त्यावर सुटत राहते. ते शोषून घेणारी फुप्फुसे मोटारमालकाची क्वचितच असतात. ती असतात चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाची, पदपथावर भाजी मांडून बसलेल्या बाईची, आणि शाळेच्या फाटकाशी रिक्षाची वाट पाहणाऱ्या मुलांची.

लॉस एंजेलिसच्या धुक्याने जगाला जे शिकवले, ते हेच होते. प्रत्येक गाडीचा धूर तिच्या मालकाच्या दृष्टीने क्षुल्लक असतो. सर्वांचा मिळून तो शहराचे आकाश होतो. चुलीपुढची गृहिणी धुराकडे दुर्लक्ष करू शकत नसे, कारण तो तिच्याच डोळ्यांत जाई. मोटारीचा धूर चालवणाऱ्याच्या पाठीमागे पडतो, आणि पुढे पाहणाऱ्याला तो दिसत नाही. त्या पाठमोऱ्या जागी करंगळीएवढ्या चिनीमातीला उभे करून माणसाने आपल्या दुर्लक्षावर एक पहारेकरी नेमला आहे. तो दिव्याच्या रूपाने बोलतो तेव्हा त्याचे ऐकावे, त्याची साक्ष नीट तपासावी, आणि दोष जेथे असेल तेथेच दुरुस्त करावा.